सोनखाणीच्या वाटेवर तू पुढे होतास

जंगू, तुझ्या मातीला आलेली माणसं मी मोजत होतो. लोक रडत होते, तुझी ताराबाई दाराच्या चौकटीला टेकून बसली होती, आणि मी, तुझ्यासोबत एकाच शाळेत बावीस वर्षं काढलेला मास्तर, कडुनिंबाखाली उभा राहून माणसं मोजत होतो. दीडशेच्या पुढे गेल्यावर माझी मलाच लाज वाटली आणि मी थांबलो. त्यातले निम्मेअधिक आपले विद्यार्थी होते. इरफान दारव्ह्याचं गॅरेज बंद करून आला होता. अर्चना यवतमाळच्या दवाखान्यात नर्स आहे, ती ड्युटी बदलून घेऊन आली होती. पुण्याला नोकरी करणारे तिघं आले होते. सगळे माझ्या पाया पडले, "कसे आहात सर?" म्हणाले आणि उत्तर ऐकायच्या आत तुझ्याकडे वळले. तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? मी मेलो तर यातले किती येतील?

मेलेल्या माणसावर जळणं ही काही सांगायची गोष्ट नाही. घरी बायकोला सांगता आली नाही. म्हणून तुलाच सांगतो. तुला तशी ती ठाऊकच असेल.

तू शाळेचा शिपाई, मी भूगोलाचा शिक्षक. वयानं तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, तरी पहिल्याच दिवशी मी "आत्राम, पाणी आण" म्हणालो आणि तू "आनतो सर" म्हणालास. तेच पुढे चालू राहिलं. आजही तुला 'तू' म्हणतोय. आता एकदम 'तुम्ही' म्हणायला लागलो तर तूच हसशील. माझ्या बापानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत आल्यावर पोरांना शाळेत घातलं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणाला कोणी 'सर' म्हटलं नव्हतं. त्या खुर्चीसाठी मी फार राबलो होतो. आणि त्या खुर्चीत बसून मी हेवा कोणाचा केला, तर व्हरांड्यात घंटा वाजवणाऱ्या माणसाचा.

पण कारणं होती. मी हजेरी घ्यायचो तेव्हा माझ्यासमोर नुसते आकडे असायचे. तू दारातून नजर फिरवायचास आणि सांगायचास, "सुनील नाही आला सर. त्याची माय तापानं पडली हाये, धाकट्याले पाहून राह्यला." काळी माती कशी तयार होते, असं मी विचारलं की अख्खा वर्ग बाकाकडे पाहायचा. मधल्या सुट्टीत तीच पोरं तुझ्याभोवती अशी गोळा व्हायची की तुझी टोपीसुद्धा दिसायची नाही. मी स्टाफरूमच्या खिडकीतून ते पाहायचो आणि माझा चहा थंड व्हायचा.

कापसाची ती वाईट वर्षं आठवतात? बोंडअळीनं पीक खाल्लं, जे उरलं त्याला भाव नव्हता, आणि पेपरात रोज आपल्या जिल्ह्याचं नाव. शहरातून कॅमेरेवाले यायचे. एक जण शाळेत आला आणि विचारू लागला, ज्यांच्या घरी तसं काही घडलंय ती मुलं कुठं बसतात? मी, खोटं कशाला बोलू, केसांवरून हात फिरवून तयार झालो होतो. भूगोलाचा शिक्षक म्हणून दोन शब्द बोलता येतील असं वाटलं होतं. तू फाटकाशीच त्याला अडवलंस. "शाळा चालू हाये. सुट्टी झाल्यावर या." आणि त्या दिवशी सुट्टीची घंटा दहा मिनिटं आधीच दिलीस आणि सगळी लेकरं मागच्या दारानं घरी पाठवलीस. हेडमास्तर तुला रागावले. मीही रागावलो. मनात मात्र म्हणत होतो, हे मला का सुचलं नाही?

त्याच हिवाळ्यात सहलीचा विषय निघाला. दरवर्षी आठवीचा वर्ग अजिंठा-वेरूळला जायचा. त्या वर्षी वर्गात विचारलं, तर एकही हात वर आला नाही. हेडमास्तरांनी सहल रद्द केली. मला ते लागलं. कळंबच्या गणपतीला तर पोरं एरवीही जातात, तिथं नेऊन काय दाखवणार? मग मला टेकडीवरची सोनखाण आठवली. इंग्रजांच्या काळात कोण्या साहेबानं खणून सोडून दिलेली. डबे घरून आणायचे, चालत जायचं, चालत यायचं, कोणाला काही द्यायला नको. हेडमास्तर हो म्हणाले. ही कल्पना माझी होती, जंगू. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पोरं आजही तिला 'आत्रामकाकाची सहल' म्हणतात.

मी आठ दिवस तयारी केली. नकाशा काढला. आपल्या काळ्या खडकात सोनं सापडणं कसं शक्य नाही, साहेबाला सोनमाखी दगडाच्या सोन्यासारख्या पिवळ्या चमकेनं कसं फसवलं असेल, याचं टिपण केलं. फक्त वाट मला ठाऊक नव्हती. ती तुझ्या पोडाच्या वस्तीवरून जात होती, आणि तुझा आजा त्या खाणीत मजूर होता. म्हणून तुला सोबत घ्यावं लागलं.

सकाळी दव होतं. सागाची मोठी पानं वाळून खाली पडली होती आणि चालताना पापडासारखी मोडत होती. पोरांच्या मोज्यांना कुसळं चिकटत होती. नाला ओलांडल्यावर पहिल्या चढावर मी सगळ्यांना थांबवलं आणि टिपण काढून बोलायला लागलो. बसाल्ट, लाव्हा, थर. पाच मिनिटं झाली असतील. मग इरफाननं हात वर केला. मला आनंद झाला. तो म्हणाला, "सर, आत्रामकाकाच्या आजाले सोनं सापडलं होतं का?"

सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. तू माझ्याकडे पाहिलंस. सांगू का, असं विचारलंस डोळ्यांनीच. मी नाही कसं म्हणणार?

"सोनं कायचं," तू चालता चालता सांगायला लागलास. "साहेब लय संशयी होता. मजूर बाहीर आला का त्याले धोतर झटकायले लावे. पन डोक्शाच्या केसाइत माती राहेच ना. मंग आजी रोज संध्याकाळी आजाचं डोक्सं धुवे अन् ते पानी परातीत घेऊन हलवत बसे. कुठी चमकते का म्हनून. साहेब गेला, खान बंद झाली, तरी आजी धुतच राह्यली. आजा म्हने, अवं आता काय भेटन? तं आजी म्हने, मले कुठी सोनं पाह्यजे? तुमी उगेमुगे बसता तेवढ्या वखत, थेच पुरे."

पोरं हसली. मुली तर फारच. माझं टिपण मी घडी करून खिशात ठेवलं. त्यानंतर वाटभर तू पुढे, तुझ्याभोवती चौतीस पोरं, आणि मी मागे कोणी राहिलं तर नाही ना हे पाहायला. मागे कोणी राहिलं नव्हतं. मी एकटाच होतो.

तरी एवढं मी सोसलं असतं. अर्चनाचं सोसलं नाही. तिचे वडील त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत गेले. तेव्हापासून ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. मी तिचा वर्गशिक्षक. तिला पुढच्या बाकावर आणलं, घरी जाऊन आलो, माझा स्वतःचा नकाशासंग्रह तिला दिला. तिनं तो दप्तरात ठेवला आणि माझ्यासमोर कधी उघडला नाही. आणि त्या दिवशी खाणीजवळच्या सपाटीवर भाकरी सोडल्या, तू पोरांना आवळे पाडून दिलेस, आवळा खाऊन पाणी प्यायलं की गोड लागतं ते दाखवलंस, आणि थोड्या वेळानं मला दूरवरून हसणं ऐकू आलं. अर्चना. तुझ्यासमोर उभी राहून हात हलवून काहीतरी सांगत होती आणि खळखळून हसत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. चार महिन्यांनी पोरगी हसली होती. मला झाला तो आनंद नव्हता, जंगू.

मी उठलो आणि टॉर्च घेऊन खाणीच्या तोंडाशी गेलो. तू सकाळीच बजावलं होतंस, "सर, आत नोका जाऊ. लाकडं सडली हायेत." मला वाटलं, आतून सोनमाखीचा एक चमकता दगड आणीन आणि अर्चनाच्या हातावर ठेवीन. गोष्ट काय कोणीही सांगेल, दगड फक्त मीच आणू शकतो. माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाच्या डोक्यात हे आलं, आणि मी वीस-पंचवीस पावलं आत गेलोही.

मग पायाखालचं लाकूड मोडलं. खाली उभी विहीर होती, मातीनं आणि पाल्यानं झाकलेली. मी काखेपर्यंत आत गेलो आणि दोन्ही कोपरांवर अडकलो. टॉर्च खाली पडून विझला. बुडाशी पाणी होतं, एक बूट त्यात पडल्याचा आवाज आला. आणि तरी मी हाक मारली नाही. हाक मारायची तर तुझ्याच नावानं मारावी लागली असती. किती वेळ तसा लोंबकळत होतो सांगता येत नाही. शेवटी कोपर सरकायला लागलं तेव्हा ओरडलो.

तू पोरांना लांब बसवून एकटाच आलास. पोटावर पडून सरपटत पुढे आलास, कमरेचा दुपट्टा माझ्या काखेतून घातलास आणि ओढायला लागलास. माझं वजन तेव्हाही कमी नव्हतं. तुझ्या उजव्या खांद्यातून काहीतरी निसटल्याचा आवाज मी ऐकला. तू दात आवळलेस, पण सोडलं नाहीस. बाहेर आल्यावर दोघंही मातीत बसून धापा टाकत होतो. मी पहिलं वाक्य काय बोललो? "कोणी पाहिलं तर नाही ना?"

तू उठलास, एका हातानं माझा सदरा झटकलास आणि बाहेर जाऊन पोरांना सांगितलंस, "सरनं सोता आत जाऊन पाह्यलं. लय धोका हाये म्हन्तेत. कोनीबी तिकडं जाऊ नोका." सगळी पोरं माझ्याकडे पाहायला लागली. त्या नजरेसाठी मी किती वर्षं थांबलो होतो! आणि ती तू मला दिलीस, फुकट, खोटं बोलून.

सोमवारी हेडमास्तरांनी परिपाठाला माझं कौतुक केलं. मुलांच्या सुरक्षेसाठी जीव धोक्यात घातला म्हणून नारळ दिला, टाळ्या झाल्या. तू व्हरांड्यात उभा होतास, डावा हात उजव्या दंडाला धरून. विचारणाऱ्याला सांगत होतास, सायकलवरून पडलो. परिपाठ संपला आणि तू डाव्या हातानं घंटा दिलीस. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत डाव्याच हातानं. आधी तुझे ठोके कसे लांब, सारखे पडायचे. नंतर ते थोडे अडखळत पडायचे. दिवसाला आठ वेळा मी ते ऐकत होतो.

त्या संध्याकाळी मी तुला गाठलं. आभार मानायला नाही. भांडायला.

"खोटं काहून बोललास?"

"मंग काय सांगू? सर खड्ड्यात पडले म्हनून?"

"जे झालं ते सांगायचं. तुझी मेहरबानी नको मला."

तू खडू-डस्टर कपाटात ठेवत होतास. वळलाससुद्धा नाही. "मेहरबानी कायची सर? उद्या तुमालेच त्याइले शिकवाचं हाये. मले थोडी शिकवता येते."

मी म्हणालो, "तुला सगळं येतं." तेही असं म्हणालो की ते शिवीसारखं वाटावं. त्यानंतर दोन-तीन महिने आपण कामापुरतंच बोललो. मग बोलायला लागलो, पण ते भांडण तसंच राहिलं. ना तू ते पुन्हा काढलंस, ना मी. तुझा निरोप समारंभ झाला तेव्हा मी छान भाषण केलं, सगळे म्हणाले. त्यात खाण नव्हती.

मागच्या महिन्यात यवतमाळच्या दवाखान्यात तुला भेटायला आलो, तो दिवस. तू फार वाळला होतास. ताराबाई चहा आणायला खाली गेली होती. तू विचारलंस, "वाट बुजली असन ना सर आता?" कोणती वाट ते सांगावं लागलं नाही. मी खुर्ची जवळ ओढली. आता बोलायचंच, असं ठरवलं होतं. खांद्याचं, नारळाचं, सगळं. तोंड उघडलं आणि दार ढकलून आपले पाच-सहा जुने विद्यार्थी आत आले, शहाळी घेऊन, "काका, काका" करत. एक तर सरळ तुझ्या पायाशी पलंगावरच बसला. तुझा चेहरा उजळला. मी उठलो.

"बसा ना सर," तू म्हणालास.

"येतो," म्हणालो आणि निघालो. जिना उतरताना स्वतःला समजावत होतो की गर्दीत असलं बोलता येत नाही. गर्दीचं कारण नव्हतंच. तुझा चेहरा माझ्यासाठी तसा उजळला नव्हता, हे कारण होतं. दहा दिवसांनी तू गेलास.

तुझ्या मातीनंतरच्या रविवारी इरफान आणि अर्चनानं ठरवलं, काकाच्या वाटेनं खाणीपर्यंत जाऊन यायचं. मला बोलवायला घरी आले. गुडघे दुखतात असं सांगून टाळणार होतो. "सर, तुमची सहल होती ते," अर्चना म्हणाली. तुझ्या आधी कोणीतरी माझं नाव घेतलं, एवढ्यावर मी काठी उचलली. बघ, असा माणूस आहे मी.

वाट खरंच बुजली आहे. नाल्याच्या पलीकडे घाणेरी इतकी माजली आहे की इरफान विळ्यानं तोडत पुढे चालला होता. माझा नकाशा निरुपयोगी ठरला. सात-आठ जण होतो, प्रत्येकाला तुझं वेगळं काहीतरी आठवत होतं. इथं काकानं अस्वलाची पावलं दाखवली होती. इथं काकानं माझी चप्पल वेलीनं बांधून दिली होती. असं एकाचं एक जोडत ते खाणीपाशी पोचले. मी मागून येत होतो.

खाणीच्या तोंडाशी आता काटेरी फांद्या टाकल्या आहेत. सगळे तिथं थांबले. मग इरफान इतरांना सांगायला लागला, "इथंच सर आत गेलते. आपल्यासाठी."

मी म्हणालो, "थांब."

आणि सांगितलं. विहीर, बूट, दुपट्टा, तुझा खांदा, सायकल, नारळ. काही गाळलं नाही. सांगून झालं. इरफान विळ्याच्या मुठीकडे पाहत होता. शेवटी अर्चनानंच विचारलं, "पन मंग तुमी आत काहून गेलते सर?"

"तुझ्यासाठी दगड आणायला," मी म्हणालो. "तू आत्रामसमोर हसत होतीस. माझ्यासमोर कधी हसली नव्हतीस. मला ते पाहवलं नाही."

छत्तीस वर्षांची बाई ती आता, दोन लेकरांची आई. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल. तिनं तोंडावर हात धरला आणि तिला हसू फुटलं.

"सर, मी तवा तुमची नक्कल करत होती!"

"माझी?"

"हो ना. सकाळी तुमी चढावर उभे राहून सांगत होते ना, लाव्हा अन् थर. थेच काकाले करून दाखवत होती. काका इतके हसले का डोळ्याले पानी आलं. मले म्हने, आता सारं बरोबर सांग बरं, किती थर अन् कसे. मी सारे सांगितले. मले सारं पाठ होतं सर. तुमी देल्ला थो नकाशासंग्रह मी घरी रोज पाहो."

पोरं म्हणाली, आता करून दाखव. ती नाही नाही म्हणत दगडावर चढली, ओढणी खोचली, एक हात मागे बांधला, हनुवटी वर केली आणि नाकातून म्हणाली, "तर मुलांनो, हा जो खडक आहे, हा खडक नसून इतिहास आहे!" मी असं बोलतो हे मला आजवर माहीत नव्हतं. बायकोनंसुद्धा कधी सांगितलं नाही. सगळे पोट धरून हसत होते. मीही हसलो, काठी टेकून, दम लागेपर्यंत.

आणि जंगू, तेवढ्यातही मला तुझा हेवा वाटला. हेच हसू तू तेव्हा पाहिलंस, ताजं, तेरा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर, चार महिन्यांच्या मुकेपणानंतर फुटलेलं. माझ्या वाट्याला ते आता आलं, इतक्या वर्षांनी. माझ्याच नकलेचं हसू आणि तेही तू आधी घेऊन गेलास. शिवाय मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी इतकी वर्षं जळलो नसतो, असं मनात आलं, आणि लगेच कळलं की तू सांगणार तरी केव्हा? मी तुला कधी बसायला सांगितलं होतं?

टेकडी उतरताना गुडघे फार दुखले. इरफाननं हात पुढे केला, मी धरला. तो हळू चालत होता आणि तुझ्याबद्दल बोलत होता. मी ऐकत होतो.

तू गेलास, तर आता निदान हे संपायला हवं होतं. मास्तर म्हातारा झाला, शिपाई वारला, कोण कोणाच्या पुढे उरलं? पण संपलेलं नाही. तुझी आठवण आली की आधी पोटात जळतं, मग डोळ्यांत येतं. हा क्रम बदलेल असं मला वाटत नाही.